दहाव्या दिवसाचे प्रश्न आधीच विचारावेत

॥ श्री विठ्ठल-रखुमाई प्रसन्न ॥



मराठवाड्यातील माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. तो तिला 'गंगा' म्हणतो. गंगाखेड या गावाच्या नावातही हीच गंगा नांदते आहे. संत जनाबाईंच्या या जन्मभूमीत दर्शनास येणाऱ्या भाविकांना घाटावर एकाच वेळी दोन दृश्ये दिसतात. एकीकडे स्नान आटोपून गंगेला हळदकुंकू वाहणाऱ्या माउल्या. आणि थोड्याच अंतरावर मुंडन केलेले पुत्र, दर्भ, पिंड आणि भोवती मूकपणे उभे असलेले गणगोत. जीवनाचे मागणे आणि मृत्यूचे देणे एकाच पाण्याच्या काठी चाललेले असते.

दहाव्या दिवशी पिंड मांडला जातो आणि सर्वांचे डोळे कावळ्याकडे लागतात. कावळा पटकन शिवला तर 'आत्मा शांत झाला' म्हणून सर्व जण सुटकेचा श्वास टाकतात. शिवला नाही तर कुजबुज सुरू होते, "काहीतरी मनात राहिलं असेल." मग एकेक जण पुढे होतो आणि हात जोडून मोठ्याने सांगतो, "आबा, धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका." दुसरा म्हणतो, "सोसायटीचं कर्ज फेडू." तिसरा म्हणतो, "मायला अंतर देणार नाही." तरीही कावळा आला नाही, तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववितात आणि मंडळी जड पावलांनी घरी परततात.

या प्रथेचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु या प्रसंगात एक गोष्ट आहे, ती प्रत्येकाने मनाशी धरावी. आपले आबा सहा महिने खाटेवर होते. त्यांना ऐकू येत होते, बोलता येत होते. त्या सहा महिन्यांत "आबा, तुमच्या मनात काय आहे?" हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो प्रश्न आपण दहाव्या दिवशी कावळ्याला विचारला. भाविकहो, जे कावळ्याला विचारावयाचे, ते माणूस जिवंत असताना माणसालाच विचारावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

मौनाची भिंत

बरा न होणारा आजार घरात आला की काय घडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. डॉक्टर मुलाला बाजूला बोलावून सांगतात. मुलगा घरी येऊन सर्वांना बजावतो, "बाबांना काही सांगू नका, ते खचून जातील." तपासणीचे कागद कपाटात कपड्यांखाली जातात. पाहुणे येतात आणि "चेहऱ्यावर तेज आलं हो" असे सांगून जातात. आजाऱ्याने कधी धीर करून "माझं काही खरं नाही" असे म्हटलेच, तर "शुभ बोल रे नाऱ्या" या म्हणीप्रमाणे घरचे त्याचे तोंड बंद करतात.

त्या खाटेवरच्या माणसास खरोखर काही कळत नाही काय? त्याचे शरीर त्याला रोज सांगत असते. अंगावरचे कपडे सैल झालेले त्याला दिसतात. सून डोळे पुसून स्वयंपाकघरातून बाहेर येते, हे त्याला दिसते. त्याला सर्व ठाऊक असते. परंतु घरच्यांना दुःख होऊ नये म्हणून तोही काही माहीत नसल्याचे सोंग घेतो. घरचे त्याच्यासाठी गप्प, तो घरच्यांसाठी गप्प. प्रेमापोटीच ही भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीच्या पलीकडे एक जीव भरल्या घरात एकटा पडतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. घरातील माउली आपले दुखणे आधी लाजेपोटी आणि संकोचापोटी अंगावर काढते. गाठ लागली तरी सांगत नाही, रक्तस्राव झाला तरी सांगत नाही. निदान होते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. त्यानंतरही उपचार कोठे करावयाचे, किती करावयाचे, घरी राहावयाचे की दवाखान्यात, याविषयी सर्वांना विचारले जाते. फक्त तिलाच विचारले जात नाही. ज्या भूमीत एका दासीने प्रत्यक्ष पंढरीनाथाशी बरोबरीच्या नात्याने भाषण केले, त्या भूमीत तरी घरच्या लक्ष्मीचा शब्द ऐकला जावा.

सप्ताह कशाचा?

आपल्या जिल्ह्यात असे गाव क्वचितच सापडेल, जेथे भागवत सप्ताह होत नाही. मंडप पडतो, टाळमृदंग वाजतात, सातव्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसाद होतो. परंतु हे दिवस सातच का, याचा विचार करावा. सात दिवस आले ते एका मरणोन्मुख माणसाच्या आयुष्यातून.

राजा परीक्षिताने ध्यानस्थ शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला सर्प टाकला, आणि ऋषिपुत्र शृंगीने शाप दिला की सातव्या दिवशी तक्षक दंश करील. ही वार्ता राजापासून लपवून ठेवण्यात आली नाही. ऋषींच्या आश्रमातूनच ती त्याला कळविण्यात आली. ज्ञानी जनांनी असा विचार केला नाही की, राजा खचून जाईल, त्याला हसतखेळत राहू द्यावे. आणि राजाने काय केले? प्रथम त्याने राज्याची व्यवस्था लावली, पुत्र जनमेजयास गादीवर बसविले. मग तो गंगेच्या तीरावर येऊन बसला. ऋषिमुनी जमले, शुकाचार्य आले. तेव्हा राजाने सर्वांसमक्ष विचारले की, जो आता मरणार आहे, त्याने काय करावे? संपूर्ण भागवत कथा म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर होय.

उत्तर देताना शुकाचार्यांनी राजर्षी खट्वांगाचे उदाहरण दिले. खट्वांगास आयुष्याचा एकच मुहूर्त उरल्याचे कळले होते. मुहूर्त म्हणजे दोन घटका, आजच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस मिनिटे. तेवढ्यात त्याने आपले कल्याण साधले. मग सात दिवस हा अवधी थोडा कसा म्हणावा? सहा महिने, वर्ष, दोन वर्षे हा अवधी थोडा कसा म्हणावा? परंतु त्या अवधीचे सोने होण्यासाठी तो अवधी आहे हे आधी कळावयास हवे. परीक्षितास कोणी सत्य सांगितलेच नसते, तर सात दिवस तो शिकारीत आणि दरबारात घालविता आणि भागवताची गंगा या भूतलावर अवतरली नसती.

संतांनी घेतलेला निरोप

आपल्या वारकरी परंपरेत मृत्यूचा उल्लेख टाळला जात नाही. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाचे वर्णन संत नामदेवांनी आपल्या अभंगांतून केले आहे. दिवस ठरलेला होता, सर्वांना ठाऊक होता. संत दुरून आले. नामदेवांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून स्वच्छ केली. भेटी झाल्या, आलिंगने झाली. आणि विशेष हे की, जे निवृत्तीनाथ स्वतः माउलींचे गुरू, त्यांचाही कंठ त्या वेळी दाटून आला. गुरूपदाने आणि ब्रह्मज्ञानाने भावाचे अश्रू अडविले नाहीत. त्या अश्रूंची कोणास लाज वाटली नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. संजीवन समाधी हा अवतारी पुरुषांचा योगाधिकार होय. प्रापंचिकाने देह टाकण्याची घाई करावी, असा त्याचा अर्थ कदापि नाही. आपण घ्यावयाचा धडा वेगळा आहे: निरोप उघडपणे घेता येतो आणि रडणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही.

जनाबाई गंगाखेडहून लहानपणीच पंढरपुरास गेल्या आणि दामाशेटींच्या घरी राहिल्या. नामदेवांच्या परिवारासमवेत शके १२७२, म्हणजे इसवी सन १३५० मध्ये महाद्वारी त्या समाधिस्थ झाल्या, अशी परंपरा सांगते. जनाबाईंचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी विठ्ठलापासून काही लपविले नाही. दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणे या प्रत्येक कामात त्यांनी देवाला सोबतीस घेतले. लाड आला तर लाड केला, राग आला तर त्याला खडसावलेही. आजाऱ्याने देवाशी असेच बोलावे. "मलाच का?" हा प्रश्न देवासमोर विचारण्यात पाप नाही. जो जनीची रागाची भाषा ऐकून घेतो, तो खाटेवरच्या माणसाची तक्रारही ऐकून घेईल.

दरवर्षी आषाढी वारीत शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या मार्गाने पंढरीस जाते. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस देह ठेवला. त्याआधी त्यांनी भक्तांस त्याची स्पष्ट कल्पना दिली होती. भक्त शोकाकुल झाले, तरीही महाराजांनी ते सांगणे टाळले नाही.

खेतवाडीतील सत्पुरुष

कोणी म्हणेल, ही जुनी उदाहरणे झाली. तेव्हा असाध्य रोगाचे निदान कोठे होत होते? म्हणून आपल्या काळाजवळचे एक उदाहरण घेऊ. मुंबईत खेतवाडीमध्ये निसर्गदत्त महाराज राहत असत. पूर्वाश्रमीचे नाव मारुती शिवरामपंत कांबळी. बालपण कोकणातील कांदळगावी गेले. मुंबईत विडीचे दुकान चालवून त्यांनी संसार केला. सद्गुरू सिद्धरामेश्वर महाराजांचा अनुग्रह झाल्यावरही प्रपंच सोडून ते कायमचे वनात गेले नाहीत. घराच्या माळ्यावर बसून ते साध्या मराठीत बोलत आणि देशोदेशीचे जिज्ञासू दुभाष्यांमार्फत ते ऐकत.

१९८० साली त्यांना घशाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ज्या कंठाने उपदेश करावयाचा, त्याच कंठास रोग जडला. परंतु महाराजांनी आजार लपविला नाही. येणाऱ्यांशी ते आपल्या रोगाविषयी, देहाच्या शेवटाविषयी मोकळेपणाने बोलत. त्यांच्या बोलण्याचा आशय असा असे की, रोग देहाचा आहे, देहाचा जन्म झाला तेव्हाच त्याचा शेवटही ठरला; त्याने आत्मस्वरूपास काही होत नाही. वेदना नाहीत असे मात्र त्यांनी कधी भासविले नाही. अशक्तपणा वाढला तसे बोलणे आखूड झाले, तरी शेवटच्या काळापर्यंत संवाद चालू राहिला. ८ सप्टेंबर १९८१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्या अखेरच्या काळातील संवाद ग्रंथरूपाने जगभर वाचले जातात.

रामकृष्ण परमहंसांनाही घशाचाच कर्करोग झाला होता. कोलकात्याजवळ काशीपूर येथील बागेतील घरात १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह सोडला. तत्पूर्वीचे महिने नरेंद्रासह तरुण शिष्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या शुश्रूषेतूनच शिष्यांचा एकजीव झाला आणि पुढील संन्यासी संघाचे बीज तेथे पडले. दुखणाइताची खोली म्हणजे घरातील अशुभ जागा, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तीन शंका

पहिली शंका: असाध्य रोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे काय? सज्जनहो, परमहंसांना कर्करोग झाला, रमण महर्षींच्या हाताला झालेल्या अशाच गाठीच्या रोगाने १९५० साली त्यांचा देह पडला. त्यांना आपण पापी म्हणणार काय? कर्माची गती गहन आहे, असे भगवंताने अर्जुनास सांगितले ते दुसऱ्याचा हिशेब आपण मांडू नये म्हणूनच. आजाऱ्याच्या उशाशी बसून "काय पाप केलं होतं कोण जाणे" असे म्हणणे, यासारखी निष्ठुरता दुसरी नाही.

दुसरी शंका: मरणाविषयी बोलल्याने आशा सुटते, माणूस लवकर जातो. हे खरे नाही. २०१० साली अमेरिकेतील बोस्टन येथे फुफ्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांच्याशी आजाराविषयी आणि त्यांच्या इच्छांविषयी आरंभापासून नीट बोलले गेले आणि ज्यांच्या वेदनांकडे लक्ष दिले गेले, त्यांच्यात खिन्नता कमी आढळली. इतकेच नव्हे, तर त्यांचे आयुष्यमानही अधिक निघाले. मध्यमान पाहता ११.६ महिने, तर इतरांचे ८.९ महिने. बोलण्याने आयुष्य घटले नाही.

तिसरी शंका: देवावर श्रद्धा असताना मरणाची तयारी करणे म्हणजे अश्रद्धा नव्हे काय? नवस अवश्य बोलावा, अंगारा लावावा, अभिषेक करावा. परंतु औषध बंद करून नव्हे. "गोळ्या सोडा, मी बरे करतो" असे सांगून पैसे उकळणाऱ्यापासून दूर राहावे. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे. देवाकडे बरे होणे मागावे, आणि ते त्याच्या इच्छेत नसेल तर उरलेले दिवस शांततेचे मागावेत. ही दोन्ही मागणी एकाच श्रद्धेची आहेत.

वेदनेवर उपाय आहे

"आता काही करण्यासारखे नाही, घरी घेऊन जा," असे ऐकून अनेक कुटुंबे हताश होतात. रोग बरा होणार नसला तरी वेदना, धाप, उलट्या, जखमांची दुर्गंधी, झोप न येणे, मनाची भीती यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. या सेवेस उपशामक सेवा म्हणतात. डॉक्टर मंडळी तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. देह, मन, कुटुंब आणि आत्मा या चारही बाजूंनी रुग्णाची काळजी घेणे, हे तिचे सूत्र होय. लंडन येथे १९६७ साली सिसिली सॉंडर्स या विदुषीने यासाठी पहिले आधुनिक सेवागृह उभारले. आपल्या देशात असे पहिले सेवागृह १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे 'शांती अवेदना' या नावाने सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र आहे. केंद्र शासनाने २०१२ साली यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे प्रभावी औषध आहे. ते रुग्णांना मिळणे सुकर व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात सुधारणा झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाच्या अशा औषधास 'व्यसन लागेल' म्हणून नाकारून माणसास तळमळत ठेवणे योग्य नाही. वेदना सोसणे म्हणजे तप, असेही मानू नये. वेदनेने पिळवटलेला जीव नामस्मरण तरी कसे करणार?

परभणी जिल्ह्यातील भाविकांनी जिल्हा रुग्णालयात या सेवेची, तसेच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आणि एक गोष्ट: आजारी माणूस "मला मरू द्या" असे वारंवार म्हणू लागला, तर ते वैराग्य समजून सोडून देऊ नये. बहुधा ती वेदनेची, खिन्नतेची किंवा 'मी घरावर ओझे झालो' या भावनेची हाक असते. डॉक्टरांना त्वरित सांगावे. मानसिक आधारासाठी १४४१६ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. सेवा करून थकलेल्या सुनेने, मुलीनेही तेथे बोलावयास संकोच करू नये.

बोलावे कसे?

सत्य सांगावयाचे म्हणजे ते एकदम अंगावर ओतावयाचे नव्हे. तान्ह्या बाळास आपण घास कुस्करून भरवितो, तसे हे काम आहे. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. प्रथम विचारावे, मग सांगावे. "आबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला ऐकायचं आहे का?" एवढा प्रश्न पुरे. काहींना सर्व जाणून घ्यावयाचे असते, काहींना थोडे, काहींना मुळीच नाही. ज्यास ऐकावयाचे नाही, त्याच्यावर सक्ती करू नये. परंतु दार उघडे ठेवावे.

२. आजाऱ्याने स्वतः मरणाचा विषय काढला तर "असं बोलू नका" म्हणून तो मोडू नये. जवळ बसावे, हात हातात घ्यावा आणि म्हणावे, "बोला, मी ऐकतो आहे." पुष्कळदा याहून अधिक काही लागत नाही.

३. खोटा शब्द देऊ नये. "तुम्ही नक्की बरे व्हाल" याऐवजी "काही झालं तरी तुम्हाला एकटं सोडणार नाही" असे म्हणावे. हा शब्द आपल्याला पाळता येतो.

४. मनातील इच्छा विचाराव्यात. कोणास भेटावयाचे आहे? कोणाशी अबोला आहे, तो मिटवावयाचा आहे काय? एकदा पंढरीचे दर्शन, शेतातील विहिरीपाशी घटकाभर बसणे, लेकीच्या हातची भाकरी, अशा इच्छा लहान असतात आणि त्या आजच पुरविता येतात.

५. उपचारांचा प्रश्न त्याच्यासमोर ठेवावा. डॉक्टरांनी गुण येण्याची शक्यता नसल्याचे सांगितल्यावरही कर्ज काढून, जमीन विकून धावाधाव करावी काय, हे आजाऱ्यास विचारावे. नातवंडांच्या तोंडची जमीन आपल्यासाठी जावी, असे किती वडिलांना वाटत असेल? ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

६. लेकरांना दूर पाठवू नये. "आजोबा खूप आजारी आहेत, आता बरे होणार नाहीत" हे सोप्या शब्दांत सांगावे. आजोबांच्या हातून त्यांच्या मस्तकावर आशीर्वादाचा हात पडावा.

७. क्षमा मागावी, क्षमा करावी, उपकार आठवावेत आणि माया बोलून दाखवावी. आपल्याकडे मुलगा बापाला "तुमच्यामुळं मी घडलो" असे सहसा तोंडाने म्हणत नाही. ते म्हणावे. श्रद्धांजलीच्या सभेत ध्वनिक्षेपकावर म्हणण्यापेक्षा कानाशी म्हणावे.

व्यवहाराची आवराआवर

परीक्षिताने शुकाचार्यांसमोर बसण्याआधी राज्याची व्यवस्था लावली, हे आपण पाहिले. आपले राज्य म्हणजे सातबारा, घर, बँकेचे पुस्तक, सोसायटीचे कर्ज, कोणाचे हातउसने. शांत चित्ताने बसून हे सर्व सांगून टाकावे. मृत्युपत्र केल्यास दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. त्यायोगे भावाभावांतील कितीतरी कज्जे टळतात. बँकेतील वारस नामनिर्देशन तपासून घ्यावे. पत्नीच्या आणि विधवा सुनेच्या निर्वाहाची सोय विशेषत्वाने लिहून ठेवावी.

आपण बोलू शकणार नाही अशी अवस्था आली तर कृत्रिम यंत्रांवर ठेवावे किंवा नाही, हेही आता आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करता येते. हे पत्र म्हणजे आत्मघात नव्हे. निसर्गाने बोलावणे धाडल्यावर वाटेत यंत्रांचा अडथळा नको, एवढेच त्यात म्हटलेले असते. अर्थात हा निर्णय ज्याचा त्याने, डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून करावयाचा आहे.

दात्यांस विनंती

देवस्थानांस दान देणारे दाते उदार आहेत. अन्नदान, दीपदान, मंदिराची दुरुस्ती ही पुण्यकर्मे आहेतच. त्यांच्या जोडीस आपल्या गावातील एका असाध्य रोग्याच्या घराकडेही दृष्टी वळवावी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, चाकांची खुर्ची, औषधाचा महिन्याचा खर्च, तालुक्याच्या गावी नेण्यासाठी वाहन, ही दाने लहान दिसतात. परंतु ज्याच्या घरी ती पोचतात, त्याला त्यात पांडुरंग दिसतो. ज्यांच्यापाशी धन नाही त्यांनी वेळ द्यावा. आठवड्यातून एक रात्र आजाऱ्याजवळ बसावे, म्हणजे अनेक रात्री जागलेली त्याची पत्नी निवांत झोपेल. त्या वेळी हरिपाठ म्हणावा. त्यास नको असेल तर नुसते बसावे. भजनी मंडळांनी महिन्यातून एकदा अशा एखाद्या घरी टाळ घेऊन जावे, ही विनंती.

प्रार्थना

भाविकहो, आपण येथून दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन घरी जाल. कोणाच्या घरी आज एखादी खाट ओसरीवर किंवा माजघरात टाकलेली असेल. पोचल्यावर हातपाय धुवावेत, प्रसादाचा कण त्या जिवाच्या हातावर ठेवावा आणि जवळ बसावे. दूरदर्शन संच बंद करावा, भ्रमणध्वनी बाजूला ठेवावा. घाईने काही सांगू नये. "मनात काय आहे?" एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. उत्तर आज आले नाही, तर उद्या पुन्हा बसावे.

हे पांडुरंगा, ज्यांस आयुष्याचा शेवट जवळ दिसतो आहे, त्यांच्या वेदना कमी कर. त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांस धीर दे. जे बोलावयाचे राहिले आहे, ते बोलण्यास आमच्या जिभेस बळ दे, आणि जे ऐकावयाचे आहे, ते ऐकण्यास आमचे कान स्थिर कर. जनीच्या जात्याला तू हात लावलास, तसा त्यांच्या खाटेलाही लाव.

॥ रामकृष्ण हरि ॥